द्राक्षांची माफी मिळणार नाही

९ फेब्रुवारी

ती. आईंना,

नमस्कार घ्या. तो मी नेहमीच करते आणि आताही मनापासून करते आहे. त्यापुढे या पत्रात मऊ काही सापडणार नाही.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. टपालखात्यात पत्रं निवडण्यात तुमचा जन्म गेला. बंद पाकीट न उघडता बाजूला ठेवणं तुमच्या हातून व्हायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. रागाने फाडलंत तरी आधी वाचाल, आणि पत्त्यात चूक असली तर तीही काढाल.

लेकीकडे, ताईंकडे राहायला जाताना तुम्ही बजावून गेलात की सून सगळ्यांसमोर माफी मागेल, तेव्हाच या घरात पाऊल ठेवीन. सगळ्यांसमोर म्हणजे तुमची लेक, जावई आणि तुमची धाकटी बहीण, आपल्या मावशी. रविवारी ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलेली असतानाच मी तुमच्यावर ओरडले ना, म्हणून. तर माझं उत्तर लेखी देते. मी माफी मागणार नाही.

"आई, विष घालताय त्याला!" असं मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. तुमच्या हातातली वाटी ओढली, द्राक्षं जमिनीवर सांडली, आणि ती ठोंब्याने टिपू नयेत म्हणून मी त्या कुत्र्याच्या अंगावर जवळजवळ आडवी झाले. माझा कोपर लागून मावशींचा चहा त्यांच्या मांडीवर गेला. हे सगळं खरं आहे. उद्या पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा तसंच करीन, फक्त चहा आधी बाजूला ठेवीन.

कुत्र्याला द्राक्षं चालत नाहीत. मनुके, बेदाणेही नाहीत. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. कुठल्या कुत्र्याला किती खाल्ल्यावर बाधेल, हे डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. एखादा मूठभर पचवून शेपूट हलवत बसतो, आणि एखादा थोड्याशानेच जातो. म्हणून काय होतंय ते बघू, असं करायचं नसतं. आणि हे मी तुम्हाला आधी सांगितलं होतं. ठोंब्याचं वजन वाढलं म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बिस्किटं बंद करून थोडं फळ द्यायला सांगितलं, त्याच दिवशी ओट्यापाशी उभी राहून सांगितलं होतं. सफरचंद द्या, पण बिया आणि मधला भाग काढून. पपईच्या बिया काढा, कलिंगडाची सालही नको. केळ्याच्या एकदोन चकत्या पुरे. आणि द्राक्ष एकसुद्धा नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, "इवल्याशा फळाने काय होतंय!" आणि आता ताईंना सांगता, "फळं दे असं तीच म्हणाली होती." म्हणाले होते ना! पण अर्धं बोलणं ध्यानात ठेवायचं आणि अर्धं वाऱ्यावर सोडायचं, हा कुठला न्याय?

दवाखान्यात काय झालं ते तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, म्हणून आता वाचा. उलटीचं इंजेक्शन दिलं. ठोंब्या माझ्याकडे अशा तोंडाने बघत होता, जशी मीच त्याची वैरीण. द्राक्षं बाहेर आली, काही तर अख्खीच. रक्त तपासलं, सलाईन लावलं, ठेवून घेतलं, पुन्हा रक्त तपासलं. मूत्रपिंडं धडधाकट निघाली. घरी आला तो तडक तुमच्या खोलीत गेला आणि तुमच्या पायांशी शेपूट आपटायला लागला. तुम्ही तेव्हा बॅग भरत होता. म्हणालात, "बघा, काही झालंय का याला? उगाच कांगावा."

काही झालं नाही, कारण मी वेळेत धावले. मी धावले नसते आणि तो गेला असता, तर सगळे म्हणाले असते, पोरगी खरं सांगत होती. तो जगला म्हणून मी खोटी. असू दे. अशी खोटी मी जन्मभर राहायला तयार आहे.

तुमची,
कांगावखोर सून

१५ फेब्रुवारी

ती. आईंना,

पाकिटावर पांढरे डाग दिसतील ते प्लास्टरचे. जेवणाच्या सुट्टीत दातांच्या लॅबमध्ये कामाच्या टेबलावरच लिहिते आहे. समोर कवळ्यांसाठी ओतलेले जबडे ओळीने वाळत ठेवलेत. तुमच्यासारखंच त्यांच्याही तोंडून चकार शब्द नाही.

तुमचं उत्तर आलं नाही, निरोप आले. ते ताईंच्या तोंडून तुमच्या चिरंजीवांच्या कानात आणि तिथून जेवताना माझ्या पानात. एकेकाचा समाचार घेते.

तुमच्या माहेरच्या कुत्र्याने म्हणे जन्मभर द्राक्षं खाल्ली आणि म्हातारा होऊन मेला. तुमचे वडीलही सिगारेट ओढत नव्वदीपर्यंत जगले, असं तुम्हीच सांगता. मग मुलाच्या तोंडात कधी पेटवून दिली होतीत का? उलट त्याच्या खिशात एक सापडली तेव्हा लाटणं घेऊन मागे धावला होतात, हेही तुम्हीच सांगितलंय.

जनावराला म्हणे स्वतःलाच कळतं काय खावं ते. कुठल्या जनावराला? आपल्या ठोंब्याला? मावशींच्या चपलेचा पट्टा त्याने खाल्ला. साबणाची वडी खाल्ली आणि दिवसभर फेस काढत फिरला. मी घरी आणलेल्या कामातली मेणाची अख्खी दंतपंक्ती गिळली, आणि दुसऱ्या दिवशी बागेत त्याच्या मागे काय हसत पडलं होतं ते बघून शेजारच्या आजोबांना घेरी यायची बाकी होती. त्याला कळतं म्हणे!

आणि 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणून मावशी खूप हसल्या, असं कानावर आलं. हसू देत. त्या कोल्ह्याची मूत्रपिंडं तरी शाबूत राहिली.

आता तुम्ही सांगितली नाहीत ती गोष्ट. फळाचा पहिला तुकडा ठोंब्याचा, मग आपला, ही आपल्या घरातली रीत तुम्ही पाडलीत आणि ती मलाही आवडते. पण ताईंकडून कळलेलं काल तुमच्या चिरंजीवांच्या तोंडून निसटलं की दुपारी घरी कुणी नसताना तुम्ही द्राक्षं खाता, रस स्वतः चोखता आणि सालं त्याला देता. कवळी काढून ठेवता, मग सफरचंद चाववत नाही, म्हणून द्राक्षं. म्हणजे हे रविवारच्या आधीपासून चाललं होतं! कधीपासून ते मी विचारत नाही. मला ऐकवणार नाही. आणि कवळी टोचत होती तर मला सांगायचं नाही? जगाच्या कवळ्या मी घासून नीट करते, आणि घरात सासू हिरड्यांवर दिवस काढते. मी केलेली, म्हणून नावं ठेवायची नाहीत, असा विचार केलात ना? बाकी सगळ्यात नावं ठेवता, मग इथेच कुठून आला एवढा संकोच?

शेवटचा निरोप ताईंचा स्वतःचा आहे, असं मी धरून चालते. "आईला परत आणायचं तर आधी ते कुत्रं काढा. भांडणाचं मूळच जाईल." ताईंना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. तुमचे चिरंजीव यावर गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं मला ओळखू येतं, ते विचारात पडलेत.

तर तेही लेखी देते. ठोंब्या कुठेही जाणार नाही. आणि तुमची खोलीही कुणाला मिळणार नाही. तुमची उशी तुमच्या जागेवर आहे. तिच्यावर तो झोपतो, मी हाकलते, तो पुन्हा चढतो.

तुमची,
तीच सून

२० फेब्रुवारी

ती. आईंना,

आज मी खूप रागात आहे, आणि तो तुमच्यावर आहे की नाही हे तुम्हीच सांगायचं आहे.

काल संध्याकाळी कामावरून आले तर बाहेरच्या खोलीत एक गृहस्थ बसलेले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचं गोदाम आहे आणि राखणीला कुत्रा हवाय. तुमचे चिरंजीव माझ्याकडे न बघता म्हणाले, "नुसते बघायला आलेत." मी म्हटलं, मुलगी बघायला येतात तसे का? मग माझं लग्न ठरवताना विचारलंत तसं आताही आधी मला विचारायचं होतं.

त्या गृहस्थांनी ठोंब्याला ओढून घेतलं आणि ओठ वर करून दात बघितले. म्हटलं, दातच बघायचे असतील तर माझ्या कामाच्या जागी या, हवे तेवढे दाखवते. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग विचारू लागले, भुंकतो का, चावतो का, रात्रभर बाहेर बांधलेला राहील का. मी विचारलं, खायला काय घालाल? म्हणाले, "कामगारांच्या डब्यातलं उरलंसुरलं. आमच्याकडे कुत्र्याचे एवढे लाड नसतात."

उरल्यासुरल्यात काय काय असतं, आई, ते तुम्हाला सांगायला नको. कांदा असतो, हाडं असतात, फळांच्या बाठी असतात, कुणी टाकलेला मनुक्यांचा पावही असतो. तिथे वाटी ओढून घ्यायला कोण बसलंय? मी म्हटलं, तुमच्याकडे लाड नसतात, तर मग आमच्याकडचा कुत्राही तुमच्याकडे नसेल. आणि दार उघडून धरलं. ते गेले. तोवर ठोंब्या तुमच्या पलंगाखाली जाऊन बसला होता आणि पेरू दाखवला तरी बाहेर येईना.

मग घरात जे व्हायचं ते झालं. तुमचे चिरंजीव म्हणाले, "तुला माझी आई परत यायला नको आहे का? सरळ सांग." आठ वर्षांच्या संसारात मला एवढं लागेल असं ते कधी बोललेले नाहीत. मला खूप काही बोलता आलं असतं. मी भांडी घासत राहिले, आणि घासून झालेलीही पुन्हा घासली.

मला एकच विचारायचं आहे. कुत्रा देऊन टाका, हे तुम्ही सांगितलंत का? हो असेल तर हो लिहा. मी तरी त्याला देणार नाहीच. पण मग मला कळेल की मी कुणाशी भांडते आहे.

सून

२७ फेब्रुवारी

ती. आईंना,

तुमचं कार्ड पोचलं. इथे पुन्हा उतरवते, कारण असं उत्तर माझ्या पाहण्यात नाही. "कुत्रा द्या असे मी म्हटले नाही व म्हणणार नाही. बाकी माझे म्हणणे तेच आहे. पत्त्यात घराचा क्रमांक आधी लिहावा, गल्ली नंतर." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

कार्ड मी तुमच्या चिरंजीवांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग बाल्कनीत जाऊन ताईंना फोन केला. दार लावून घेतलं होतं, तरी आवाज आत येत होता. बाहेर आले आणि म्हणाले, "गोदामाचा विषय संपला." मग ठोंब्यासमोर बसून त्याचे कान खाजवत राहिले. आम्ही दोघं अजून पूर्ण बोलत नाही, पण चहा एकत्र पितो.

तर आता आपण दोघी उरलो. तुमचं म्हणणं तेच, माझंही तेच. विष हा शब्द तुम्हाला लागला हे मला कळतं. पण मी तसं का ओरडले, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. हळू सांगता आलं असतं, असं मावशी म्हणतात. हो, आलं असतं. मी हळू सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "इवल्याशा फळाने काय होतंय," आणि आणखी एक दाणा खाली टाकला असता. हळू सांगून एकदा झालं होतं.

आणि खरं कारण त्याहून वेगळं आहे. बाबा गेले त्यानंतरचे दिवस तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. तुम्ही पानावर बसायचं सोडलं होतंत. मुलगा समोर बसला तरी घास नाही, लेक आली तरी नाही. मी काय काय केलं आणि तसंच उचलून ठेवलं. एक दिवस ठोंब्या तुमच्या खुर्चीसमोर बसला आणि हटेना. तुम्ही त्याला केळ्याची एक चकती दिलीत. त्याने खाल्ली आणि पुन्हा बसला. तुम्ही दुसरी स्वतःच्या तोंडात घातलीत. मी दाराआड उभी होते, मला हुंदका आवरेना म्हणून न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. फळाचा पहिला तुकडा त्याचा, ही रीत त्या दिवसापासूनची आहे. त्याला देता म्हणून तुम्ही खाता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त तुम्हाला माहीत नाही.

तो तुमच्या हातून गेला असता, आई, तर तुम्ही पुन्हा कुणाला घास दिला असता का? स्वतःला तरी दिला असता का? त्या वाटीत मला द्राक्षं दिसली नाहीत, ते पुढचे दिवस दिसले. म्हणून ओरडले. कुत्रा तर मला वाचवायचाच होता, पण तुमचा हातही वाचवायचा होता. त्याची माफी कशी मागू? ती मागितली तर त्याचा अर्थ असा होईल की तुम्ही गेलात तरी चाललं असतं.

नाही चाललं असतं. आताही चालत नाही. हे एवढं लिहिलं म्हणजे मी नरमले असं समजू नका.

कवळी बरोबर नेली आहेत का? नसेल तर ती कुठल्या डबीत आहे ते कळवा, कुठे टोचते तेही कळवा. नीट करून ठेवते.

तुमची,
सून

ता. क. क्रमांक आधी लिहिला आहे.

५ मार्च

ती. आईंना,

आज सकाळी ताईंचा फोन आला. तुमच्या चिरंजीवांना नाही, मला. आठ वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. "तुझ्या सासूने काय केलंय माहीत आहे का?" असं म्हणाल्या. त्यांची आई आजपासून एकदम माझी सासू झाली. मी खुर्ची ओढून बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. समोरच्या बाई आपलं नवं पिल्लू घेऊन चहाला आल्या होत्या, त्यांच्या सासूबाईही बरोबर. ताईंनी केक कापला. पिल्लू पायांत घोटाळत होतं, म्हणून कौतुकाने त्यालाही तुकडा दिला. केकमध्ये मनुके होते. आणि कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेल्या तुम्ही, ज्यांचे गुडघे लेकीने उठवल्याशिवाय उठत नाहीत, त्या एकदम उभ्या राहिलात. ताईंच्या हातावर फटका मारलात. केक भिंतीवर गेला. आणि तुम्ही ओरडलात, "विष घालतेस का त्याला!"

आई, शब्दसुद्धा तोच!

पुढचंही कळलं. पिल्लाच्या तोंडात बोट घालून तुम्ही निम्मा तुकडा बाहेर ओढलात. पोटात गेलेल्या निम्म्यासाठी समोरच्या बाईंना चहा टाकून उठवलंत, गाडी काढायला लावलीत आणि स्वतः पिल्लाला पदरात घेऊन दवाखान्यात गेलात. तिथल्या डॉक्टरांना सांगितलंत, "वाट बघत बसायचं नसतं, आधी उलटी करवा." त्यांनी तेच केलं. पिल्लू ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी ते तुमच्या मांडीवर झोपलं होतं, असंही ताई म्हणाल्या, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

ताईंचं दुखणं निराळंच. "पाहुण्यांसमोर माझा हात झटकला! शेजारणीच्या सासूसमोर मला विष घालणारी म्हटलं! आणि पिल्लाला झालं तर काहीच नाही. तिने माफी मागितली पाहिजे." तुम्ही काय म्हणालात तेही त्यांनीच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "काही झालं नाही, कारण मी उठले. माफी कसली मागायची त्यात?"

मी हसू लागले ते थांबेचना. ताई म्हणाल्या, "हसतेस काय? तू तरी समजाव तिला." मी म्हटलं, ताई, तुम्ही चुकीच्या बाईला फोन केलात. त्यांनी फोन आपटला.

आई, अजिबात माफी मागू नका. ताई रुसल्या तर रुसू देत, समोरच्या बाई बोलायच्या थांबल्या तर थांबू देत. तो शब्द मागे घेऊ नका. तुमच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही तर मी उभी आहे.

आपल्या दोघींतही आता कुणी कुणाची माफी मागायची नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. माफी मागायला नाही, तुमची बॅग उचलायला. ठोंब्यालाही आणते आहे. मला तुम्ही 'येत नाही' म्हणू शकता, त्याला म्हणून दाखवा.

तुमचीच,
सून